सेंटर आहे, पण चालवणारं कोण?

संपादक साहेब, नमस्कार.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरातनंच सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा टीम येते, मुलं तपासते, काही वेगळं वाटलं तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या सेंटरला, पाठवते, कागदावर झकास आहे हो सगळं. माझ्या भाच्याचं पोरगं दोन वर्षांचं झालं तरी हाक मारली की वळून बघायचं नाही, अंगणवाडीच्या ताईंनी पाठीमागं ताट वाजवून बघितलं आणि त्यांनीच सांगितलं की कान तपासा, घरचे मात्र "पोरं उशिराच बोलतात" म्हणत बसलेले. पुढं सेंटरला गेलो तर फिजिओथेरपीवाले एकीकडं, स्पीचवाले दुसरीकडं, रिपोर्ट तिसऱ्याकडं आणि पोराचा पूर्ण हिशेब कुणाकडंच नाही!

थेरपिस्ट घडवायला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करणाऱ्या वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेसारख्या जागा आहेत, पण टीम बांधणारा, सेविकांना शिकवणारा, पालकांना सोबत घेणारा, फंडासाठी झेडपीत भांडणारा माणूस कुठं तयार होतो? ते काय सीनियॉरिटीनं आपोआप येत नाही. फील्डवरच्या स्पेशल एज्युकेटर, थेरपिस्ट, अंगणवाडी सुपरवायझर यांना नोकरी सांभाळून वर्षभराचा लीडरशिप कोर्स द्या, त्यातला अर्धा वेळ चालत्या सेंटरमध्येच, आणि शिकवायला दिव्यांग मुलांच्या आईबापांनाही बोलवा. आणि हो, कोर्स संपला की लगेच बदली करू नका, ही खोड आपल्याकडं जुनीच आहे.

एक वाचक, सातारा