थाय भाषेची शाळा : आधी वर्गात बसा, मग फी भरा

मा. संपादक,
सप्रेम जयभीम.

गेल्या महिन्यात आपल्या मराठवाडा आवृत्तीच्या छोट्या जाहिरातींत चार ओळी वाचल्या आणि तेव्हापासून मनाला चैन नाही. ‘बँकॉकमध्ये थाय भाषा शिका. एक वर्षाचा स्टुडंट व्हिसा. शिकता शिकता कमवा. कागदपत्रांची जबाबदारी आमची.’ खाली एक मोबाइल नंबर. शाळेचं नाव नाही, पत्ता नाही, आठवड्याला किती तास शिकवणार तेही नाही. 2023 मध्ये अशाच चार ओळींवर विसंबून मी परभणीहून बँकॉकला गेलो होतो, म्हणून हे पत्र.

मी तिकडे का गेलो ते आधी सांगतो. जानेवारी 2023 मध्ये थायलंडच्या शंभराहून अधिक भिक्खूंची धम्म पदयात्रा परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीकडे निघाली. मी तेव्हा पुण्याहून पालीत एम.ए. करून नुकताच घरी आलो होतो. पहिले तीन मुक्काम त्यांच्यासोबत चाललो. पहाटे ते वंदना म्हणायचे. शब्द आपलेच, लहानपणापासून विहारात म्हटलेले; पण ‘भगवतो’च्या जागी ऐकू यायचं ‘फखवतो’ आणि ‘सम्मासम्बुद्धस्स’च्या जागी ‘सम्मासम्फुत्थस्स’. सोबतचा एकजण म्हणाला, यांचे उच्चार चुकतात. मला ते पटेना. पिढ्यान् पिढ्या जे लोक हीच वंदना म्हणत आले, ते सगळेच्या सगळे कसे चुकतील? एका वयस्कर भंतेंना विचारायला गेलो. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला थाय येत नव्हती. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला आजही माहीत नाही. थाय शिकायची, हे त्या सकाळी ठरलं.

छत्रपती संभाजीनगरच्या एका एजंटाने चाळीस हजार रुपये घेतले. शाळेची वर्षाची फी 29,000 बाथ, म्हणजे तेव्हाच्या दराने सत्तर हजारांच्या आसपास, तीही आगाऊ. वडील एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मुदत ठेव मोडली. मी शाळेबद्दल एजंटाला एकच प्रश्न विचारला होता : व्हिसा नक्की मिळेल ना? तो म्हणाला, शंभर टक्के. व्हिसा मिळालाही. पण विचारायला हवं होतं ते मी विचारलंच नाही.

शाळा एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होती. एका खोलीत बावीस खुर्च्या, एरवी पाच-सहा भरलेल्या. हजेरीच्या दिवशी मात्र बसायला जागा नसायची. महिन्याभराच्या सह्या एकाच दिवशी करून घ्यायचे. पहिल्या तीन महिन्यांत आम्हाला पाच शिक्षक बदलून आले आणि प्रत्येकाने पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. हातात झेरॉक्स केलेले कागद, त्यावर सगळं थाय रोमन अक्षरांत. आता थाय भाषेत सूर पाच आहेत. ‘क्लाय’ हा शब्द सूर वरून खाली पाडून म्हटला तर त्याचा अर्थ ‘जवळ’, सपाट सुरात म्हटला तर ‘लांब’. आमच्या कागदावर दोन्हीचं स्पेलिंग एकच होतं. मी महिनाभर रिक्षावाल्यांना जवळची जागा लांब म्हणून सांगत होतो आणि मला ते कळतही नव्हतं.

भाषा शाळेच्या व्हिसावर माझा मुक्काम दर 90 दिवसांनी वाढवून घ्यावा लागायचा. दर खेपेला 1,900 बाथ, शाळेचं पत्र आणि हजेरीचा दाखला. डिसेंबरमध्ये मी चेंग वत्थनाच्या इमिग्रेशन कार्यालयात पहाटेपासून रांगेत उभा होतो. नंबर लागला तेव्हा खिडकीतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, ‘रियन फासा थाय थी नाय खा?’ थाय भाषा कुठे शिकता? ‘फासा’ म्हणजे आपली ‘भाषा’च, हेसुद्धा मला त्या वेळी ओळखता आलं नाही. मग त्यांनी एक छापील ओळ पुढे केली आणि वाचा म्हणून खूण केली. मला एक अक्षर येत नव्हतं. पालीत एम.ए. केलेला मुलगा मी, त्या काचेपुढे अडाण्यासारखा उभा होतो. त्यांनी शिक्का मारला आणि इंग्रजीत सांगितलं की पुढच्या वेळी वाचता आलं पाहिजे. त्यांचं काहीच चुकलं नाही. भाषा शिकतो म्हणून ज्याने व्हिसा घेतला, त्याला ती भाषा येते का हे विचारणं त्यांचं कामच आहे.

शाळेत परत येऊन लिपी कधी शिकवणार असं विचारलं. उत्तर मिळालं, पुढच्या वर्षी, चौथ्या पायरीला. फी परत मागितली, तर पावतीमागची बारीक अक्षरं दाखवली. ती थायमध्ये होती.

मग मी नवी शाळा शोधायला निघालो, आणि या वेळी तीन आठवडे घेतले. सात शाळा पाहिल्या. पहिल्या शाळेत माझ्या शेजारी एक निवृत्त जपानी गृहस्थ बसायचे, त्यांनी सुचवलेली युक्ती मला सगळ्यात उपयोगी पडली. ते म्हणाले, ऑफिसात जाऊ नका, वर्ग सुटायच्या वेळेला जिन्यात उभे राहा. बाहेर पडणारी मुलं शिक्षकांशी कोणत्या भाषेत बोलतात ते ऐका. चार शाळांच्या जिन्यात मला इंग्रजीच ऐकू आली. एका शाळेत रिसेप्शनवरच्या मुलीने मला बसायला सांगून आधी विचारलं की तुम्हाला किती महिने राहायचंय. शिकायचं किती, हे तिने विचारलंच नाही. तिथून मी उठून आलो.

नमुन्याचा एक तास फुकट बसू देतात का, हे प्रत्येक ठिकाणी विचारलं. चांगल्या शाळा आनंदाने बसू देतात. शिक्षण मंत्रालयाचा परवाना भिंतीवर लावलेला असतो. त्यावर ज्या शाळेचं नाव आहे तीच ही शाळा आणि हाच पत्ता ना, हे कुणा थाय माणसाकडून वाचून घ्यावं. व्हिसासाठी लागणारं मंत्रालयाचं पत्र शाळेमार्फत येतं, त्यामुळे परवान्यात घोळ असेल तर पुढचं सगळं अडतं. व्हिसा नाकारला गेला तर फी परत मिळणार का, हे लेखी घ्यावं. फी हप्त्याने घेतात का ते पाहावं. आणि तिथे वर्षभर शिकलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला रस्त्यावरच्या दुकानाची पाटी वाचून दाखवायला सांगावं. त्याला ती आली नाही, तर पुढच्या वर्षी तुम्हालाही येणार नाही.

चुलालाँगकॉर्न विद्यापीठाच्या कला शाखेत परदेशी विद्यार्थ्यांसाठी थायचा गहन अभ्यासक्रम आहे. रोज वर्ग, खूप मेहनत, शिकवणं उत्तम. ज्याला परवडतं त्याने जरूर विचार करावा. मला ती फी झेपणारी नव्हती.

शाळा बदलणं कागदोपत्री सोपं नाही, हेही मुलांना कुणी सांगत नाही. माझ्या बाबतीत जुना मुक्काम रद्द करून देशाबाहेर जावं लागलं. रात्रीच्या रेल्वेने ‘नोंग खाय’ या सीमेवरच्या गावी गेलो, मेकाँग नदी ओलांडून लाओसच्या व्हिएन्तियानला पोचलो आणि तिथून नवा व्हिसा घेऊन परतलो. एका वर्षासाठी दोनदा खर्च. री-एंट्री परमिट न काढता देशाबाहेर गेलं तर चालू व्हिसा संपतो, ते परमिट एका खेपेचं 1,000 बाथला मिळतं. तारीख उलटल्यावर थांबलं तर दिवसाला 500 बाथ दंड, 20,000 पर्यंत. आपण तिथे राहतो याची नोंद घरमालकाने इमिग्रेशनकडे 24 तासांत करायची असते, त्याला टीएम-30 म्हणतात. खोली भाड्याने घेण्याआधी मालक ते करतो का हे विचारलेलं बरं, कारण इमिग्रेशनच्या खिडकीवर तो कागद आपल्याकडेच मागतात.

दुसरी शाळा सिलोमच्या बाजूला होती. वर्गात आम्ही सहाजण. आमच्या बाई पन्नाशीच्या. शिक्षकाला तिथे ‘ख्रू’ म्हणतात. पहिला आठवडा त्यांनी पुस्तक उघडू दिलं नाही, नुसते आवाज काढून घेतले. माझ्या वर्गातल्या युरोपियन मुलांना ‘क’ आणि ‘ख’, ‘प’ आणि ओठ मिटून म्हटलेला ‘फ’ यांतला फरक ऐकूच येत नव्हता. मराठी माणसाला तो पाळण्यातच मिळालेला असतो. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी फळ्यावर अक्षरं मांडली आणि मी जागेवर उभाच राहिलो. कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग. आपलाच क्रम! व्यंजनं 44, त्यात त्यांनी आपल्या सोयीने भर घातलेली, पण मांडणी आपलीच. बेचाळिसाव्या जागी ‘ळ’सुद्धा. आता तो ‘ल’सारखा उच्चारतात, पण चुलालाँगकॉर्न या नावात आजही हाच ‘ळ’ लिहितात.

मी बाईंना म्हटलं, तुम्ही भर घातलेली अक्षरं सोडली तर तुमच्या तिसऱ्या अक्षराच्या जागी आमच्याकडे ‘ग’ आहे. त्या म्हणाल्या, आमच्याकडेही ते ‘ग’चंच अक्षर, फक्त आता आम्ही ‘ख’ म्हणतो. मग त्यांनी एकेक शब्द लिहायला सुरुवात केली. नगर, म्हणजे ‘नखोन’. गुरु, म्हणजे ‘ख्रू’. प्रदेश, म्हणजे ‘प्रथेत’. बुद्ध, म्हणजे ‘फुत’. ‘ग’चा ‘ख’, ‘द’चा ‘थ’, ‘ब’चा ‘फ’. उलट ‘तारा’ची ‘दारा’ होते आणि पालीला ते ‘बाली’ म्हणतात. चंद्र लिहितात पूर्ण, पण शेवटच्या अक्षरावर एक बारीकशी खूण असते, ती दिसली की ते अक्षर मुकं. म्हणून सोमवार ‘वान चान’. मी वहीत ‘भगवतो’ लिहिलं आणि त्यांच्या नियमाने वाचलं. फ-ख-व-तो. परभणीच्या त्या पहाटेनंतर वर्ष उलटलं होतं. भंतेंचं काहीच चुकत नव्हतं; अक्षर तेच होतं, आवाज काळाबरोबर पुढे गेला होता. मला रडू आलं. बाईंना वाटलं काही दुखतंय.

पहिल्या शाळेने मला पाच वर्षं ठेवून घेतलं असतं तरी हे कळलं नसतं, कारण रोमन अक्षरांत यातलं काही दिसतच नाही. म्हणून मी पोटतिडकीने सांगतो की लिपी पहिल्या महिन्यापासून शिकवणारी शाळाच निवडा. बोलण्यापुरतं शिकायचं असेल तरीही. कोणता सूर लावायचा हे व्यंजन थायच्या उच्च, मध्यम, निम्न या तीन गटांपैकी कोणत्या गटातलं आहे त्यावरही ठरतं, आणि ते रोमनमध्ये कळत नाही. आधी बराच काळ नुसतं ऐकायचं आणि मग बोलायचं, अशीही एक पद्धत बँकॉकमध्ये आहे. काहींना ती मानवते. वाचायची ओढ असलेल्याला नाही मानवणार.

आता ‘शिकता शिकता कमवा’बद्दल. हे साफ खोटं आहे. स्टुडंट व्हिसावर तिथे काम करता येत नाही. वर्क परमिट वेगळं असतं, त्याशिवाय काम करताना सापडलं तर दंड आणि परत पाठवणी. आणि ‘कमवा’ हा शब्द माणसाला कुठवर नेतो हे आपल्याच वृत्तपत्राने छापलं आहे. मार्च 2025 मध्ये म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडच्या मे सोतहून हवाई दलाच्या विमानांनी आणावं लागलं. त्यातले अनेकजण थायलंडमध्ये नोकरी मिळेल या आशेने घरून निघाले होते. प्रत्येक भाषा शाळेचा एजंट तसा असतो असं मी म्हणत नाही. पण जो माणूस कमाईचं आमिष दाखवून भाषेचा वर्ग विकतो, तो पहिल्याच ओळीत खोटं बोलतो, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

संपादक महोदय, माझी मागणी छोटी आहे. परदेशातल्या भाषा शाळेची जाहिरात घेताना तीन गोष्टी छापणं आपण बंधनकारक करावं : शाळेचं नाव, तिथल्या शिक्षण मंत्रालयाचा परवाना क्रमांक, आणि आठवड्याचे शिकवण्याचे तास. ज्याची शाळा खरी आहे त्याला यात काहीच अडचण नाही.

मी देवनागरी आणि थाय अक्षरं समोरासमोर मांडून एक वही तयार केली आहे. रविवारी आमच्या विहारात चार मुलं ती घेऊन बसतात. मागच्या रविवारी त्यातल्या दोघांनी तुमच्या पेपरातलं तेच कात्रण माझ्यापुढे ठेवलं. एकजण पूर्णेचा आहे. त्याच्या वडिलांनी सोयाबीन विकून पैसे बाजूला काढलेत. माझं सांगून झालं आहे, पण एजंट रोज फोन करतो आणि मी आठवड्यातून एकदाच भेटतो. पैसे भरायची तारीख या महिन्याची तीस आहे. त्याआधी हे पत्र छापलंत तर फार बरं होईल.

आपला वाचक,
परभणी
(नाव व पत्ता राखून ठेवावा ही विनंती)