कणकुंबीच्या नाक्यावर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तू भाजी घेऊन एकटाच गोव्याला जाणार. गेल्या आठवड्यात दोन खेपा मी शेजारी बसून आलो. गाडीवर तुझा हात चांगला बसलाय, घाटात गिअर कधी पाडायचा हे आता सांगावं लागत नाही. चोर्ल्याच्या वळणांची मला काळजी नाही. काळजी आहे ती परतीची, रिकाम्या गाडीची. परवा कणकुंबीला शिपायाने हात केला आणि तुझा आवाज चढला. "रोज तपासता, कधी काय सापडलं का?" असं तू म्हणालास. त्यांच्यासमोर तुला बोलणं बरं दिसलं नसतं म्हणून मी गप्प बसलो. घरी आल्यावर बोलावं म्हटलं तर तू जेवून झोपलास, दिवसभराचा दमलेला. म्हणून लिहितोय. हे पत्र गाडीच्या कागदांच्या फायलीतच ठेव.

तुलाच का थांबवतात ते आधी ध्यानात घे. गोव्यात दारू स्वस्त, आपल्याकडे कर्नाटकात महाग. जांबोटी-कणकुंबीचा रस्ता, अनमोडचा घाट, तिकडे चंदगडाकडून शिनोळी-बाचीचा रस्ता, या सगळ्या वाटांनी ती चोरून येते. आणि भाजी उतरवून रिकामे क्रेट घेऊन परतणारी पिकअप म्हणजे लपवायला सगळ्यात सोयीची गाडी. क्रेटच्या थप्पीआड काय ठेवलंय ते बाहेरून कुणाला दिसणार? अबकारीचा माणूस तुझं तोंड बघून थांबवत नाही, गाडी बघून थांबवतो. हे एकदा मनाला पटलं की रोजच्या तपासणीचा राग येत नाही.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. आपला पहिला टेम्पो विकावा लागला एवढंच तुला माहीत आहे. का विकला ते तुझ्या आईने आणि मी घरात कधी काढलं नाही. २००९ साल होतं. म्हापशाच्या बाजारात ओळखीच्या एका माणसाने दोन बंद खोकी दिली. "काजू आहेत, बेळगावात माझा भाऊ येऊन घेईल," म्हणाला आणि वर दोनशे रुपये दिले. मी उघडून बघितलं नाही. ओळखीच्या माणसाचं खोकं उघडून बघायचं म्हणजे त्याचा अपमान, असं तेव्हा वाटायचं. वाटेत एका नाक्यावर ती खोकी उघडली गेली. आत बाटल्या निघाल्या.

मी ओरडलो, देवाच्या शपथा घेतल्या, हात जोडले. कुणी ऐकून घेतलं नाही आणि माझं ओरडणं मात्र त्यांच्या लक्षात राहिलं. मग त्यांनी कागद लिहिले. सगळे कन्नडमधून. मी सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला, बोललेलं कन्नड समजतं, पण लिहिलेलं एक अक्षर वाचता येत नाही. "सही कर, रात्री घरी जाशील," म्हणाले. मी केली. त्यातला एक कागद खाली अर्धा कोरा होता, त्यावरही केली. पुढे वकिलाने वाचून दाखवलं तेव्हा कळलं, त्यात लिहिलं होतं की विकायला म्हणून बाटल्या मीच विकत घेतल्या. टेम्पो सात महिने उन्हापावसात पडून राहिला, टायर तडकले, बॅटरी गेली. चार वर्षं तारखा झाल्या. सुटलो, पण तोवर टेम्पो विकून झाला होता आणि आईच्या पाटल्याही. कर्नाटकच्या १९६५ च्या अबकारी कायद्यात बाटल्यांबरोबर गाडीही जप्त होऊन कायमची सरकारजमा होऊ शकते, हे मला गाडी गेल्यावर कळलं. तुला आधी कळावं.

म्हणून पहिली गोष्ट. कुणाचं पार्सल घ्यायचं नाही. सोयऱ्याचं नाही, मित्राचं नाही, देवळाच्या प्रसादाची पिशवी असली तरी तोंड उघडून बघितल्याशिवाय नाही. राग आला तर येऊ दे.

थांबवतात तेव्हा कसं वागायचं, तेही लिहितो. हात दिसला की लांबूनच वेग कमी कर, डावा इंडिकेटर दे, गाडी बाजूपट्टीवर घे, इंजिन बंद कर. रात्र असेल तर केबिनचा दिवा लाव आणि हात स्टेअरिंगवर दिसू देत. धुक्यात आणि पावसात उभ्या असलेल्या शिपायालाही भीती असते रे, समोरून कोण येतंय ते त्याला कळत नाही. पोलीस बघून गाडी वळवायची नाही, मोटरसायकलवर असलास तरी नाही. २०२५ च्या मे महिन्यात मंड्याला हेल्मेटच्या तपासणीत मोटरसायकल अडवताना आईबापाबरोबरची तीन वर्षांची मुलगी रस्त्यावर पडून दगावली. त्यानंतर राज्याच्या पोलीस महासंचालकांनी रहदारी पोलिसांना सूचना दिल्या की अचानक गाडीपुढे येऊ नये, मागून ओढू नये, किल्ली काढून घेऊ नये. तरी कुणी किल्लीला हात घातलाच तर झोंबाझोंबी करू नकोस. "सर, गाडी बंदच आहे, मी कुठं जात नाही," एवढंच म्हण.

बोलताना कन्नडमधून सुरुवात कर. यात कमीपणा नाही. "नमस्कार री सर, कागदपत्र येल्ला अदाव री," म्हणजे सगळे कागद आहेत, एवढं म्हटलंस की समोरच्याचा आवाज निम्म्यावर येतो. पुढचं मराठीत बोललास तरी चालतं, आपल्या तालुक्यातल्या बऱ्याच पोलिसांना मराठी येतं. भाषेचं भांडण रस्त्यावर, गाडीच्या दारात उभं राहून सोडवायचं नसतं. आपल्या मराठीचा अभिमान मला तुझ्याइतकाच आहे. म्हणूनच सांगतो, त्याला नाक्यावर पणाला लावू नकोस.

गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन्स दाखवणं हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने आपल्यावर बंधनकारक आहे. बरोबर आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधले कागद २०१८ पासून चालतात, पण कणकुंबीच्या पुढे घाटात मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे झेरॉक्सचा एक संच फायलीत असू दे. लायसन्स ठेवून घेतलं तर पोचपावती माग, ती देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. दंड भरलास तर पावती. "रसीदी कोड्री सर," म्हणजे पावती द्या, हे वाक्य पाठच कर. दंड पटला नाही तर भांडू नकोस, कोर्टात भरतो म्हण. तो तुझा हक्क आहे.

पावतीशिवाय पैसे मात्र द्यायचे नाहीत. दोनशे रुपयांत सुटका होते असं सगळे ड्रायव्हर सांगतील. २०१८ पासून कायदा असा आहे की लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत तक्रार केली तरच वाचतो. आणि एकदा दिलेस की पुढच्या खेपेला तुझी गाडी नंबरावरून ओळखतात.

हौद्यात माणसं भरायची नाहीत. सौंदत्तीच्या यात्रेला गावातले लोक मागे लागतील, "पौर्णिमेला एवढं सोडून ये" म्हणतील. मालगाडीत माणसं बसवली तर दंड वेगळाच, पण गाडी उलटली तर विमा त्या माणसांना उभा राहत नाही. मालही मापातच भर. जादा वजनाला वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे. एका खेपेच्या भाड्यात तो निघत नाही.

तपासणीचं नीट ऐक. गाडी उघडा म्हटलं तर उघड, अडवू नकोस. पण ताडपत्री तू स्वतः सोड, क्रेट तू स्वतः उतरव, डॅशबोर्डचा कप्पाही तूच उघड. सगळं तुझ्या डोळ्यांसमोर होईल असा उभा राहा. फोनवर बोलत लांब जाऊ नकोस. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झालीय. तिच्या १०५ कलमाप्रमाणे पोलिसांनी झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं असतं, मोबाइलवर केलं तरी चालतं. "सर, व्हिडिओ चालू आहे ना?" असं शांतपणे विचारायला हरकत नाही. काही जप्त झालं तर त्याची यादी होते, पंच असतात, यादीची प्रत माग. माझ्या वेळी पंच म्हणून कोण उभे होते ते मी बघितलंसुद्धा नव्हतं. तू बघ.

अमली पदार्थांच्या संशयावरून अंगाची झडती घ्यायची असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्या असं म्हणायचा अधिकार १९८५ च्या कायद्यात आहे. तो अंगझडतीपुरता, गाडीला आणि पिशवीला लागू नाही. बरोबर कधी ताई किंवा आई असली तर त्यांच्या अंगाला बाईपोलिसानेच हात लावायचा, तिथं मात्र तू ठाम राहा.

आता सही. हे मी सगळ्यात कळकळीने लिहितोय. वाचता न येणाऱ्या कागदावर सही करू नकोस. "मला कन्नड वाचता येत नाही, वाचून अर्थ सांगा," म्हण. तासभर थांबावं लागलं तरी थांब. भाजी उतरवून झालेली असते, रिकामे क्रेट काही नासत नाहीत. वाचून न दाखवताच सही घेत असतील तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात मराठीत लिही, "मला कन्नड वाचता येत नाही, हा मजकूर मला समजावून सांगितलेला नाही," आणि तारीख, वेळ घाल. कोऱ्या जागेवर आडवी रेघ मार. चौकशीत पोलिसांना दिलेल्या जबाबावर तर आपली सही लागतच नाही, कायद्यातच तसं म्हटलंय. सही केली नाही म्हणून मारतील, डांबतील असं त्या रात्री मला वाटत होतं. त्या भीतीनेच माझा हात चालला.

आणि अटकच केली तर कशासाठी ते त्यांनी सांगायला पाहिजे, घरी कळवायला पाहिजे, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायला पाहिजे. २०२५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अटकेचं कारण त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत कळायला हवं. आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसाला याची किंमत किती आहे ते मी जाणतो. माझ्या वेळी हे मला कुणी सांगितलं असतं तर! वकिलाला पैसे नसतील तर १५१०० या नंबरावर कायदेशीर मदत फुकट मिळते. फोनमध्ये आजच घालून ठेव.

रोकडीचं एक राहिलं. व्यापाऱ्याकडून पैसे घेतलेस की त्याची हिशेबाची पट्टी त्याच पाकिटात ठेव. एरवी कुणी विचारत नाही, पण निवडणुकीची आचारसंहिता लागली की कोगनोळीपासून कणकुंबीपर्यंत पथकं बसतात आणि पन्नास हजारांच्या वर रोकड दिसली की हिशेब मागतात. पट्टी असली तर पाच मिनिटांत सुटशील. नसली तर पैसे जमा होतात आणि सोडवायला जिल्ह्याच्या समितीपुढे कागद घेऊन जावं लागतं.

काही दिवस गाडी काढूच नकोस. १ नोव्हेंबरला, त्यांचा राज्योत्सव आणि आपला काळा दिवस असतो तेव्हा, नको. बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असतं त्या दिवसांत वातावरण विचारून मग नीघ. २०२२ च्या डिसेंबरात सीमावादावरून हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले ते आठव. आपली पाटी केए-२२ असली तरी काचेवरचं मराठी नाव सगळ्यांना दिसतं. ते नाव काढ असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी गाडी घरी ठेव एवढंच म्हणतो. आणि गणवेश नसलेलं टोळकं कधी अडवायला आलं तर काच वर घे, दार लाव, उतरू नकोस. सरळ नाक्यावर किंवा जवळच्या पोलीस स्थानकावर जा आणि ११२ लाव. अशा वेळी जे पोलीस रोज तुला तपासतात तेच तुझ्या बाजूला उभे राहतात. ते माझ्याही अनुभवाचं आहे. त्या २००९ च्या रात्री एका वयस्क हवालदाराने मला चहा दिला होता आणि त्याच्या फोनवरून घरी बोलू दिलं होतं. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

आईने डबा करून ठेवलाय, रात्री अडीचला उठवते म्हणाली. गोव्यात साखळी गावाला पोचलास की तिला एक मिस्ड कॉल दे, बोलायला वेळ नसला तरी चालेल. ताडपत्रीची डावी दोरी मी आज बदललीय. गाठ सरफाशाची मारलीय, एक टोक ओढलं की सुटते. नाक्यावर पावसात उघडताना त्रास नको.

तुझे,
बाबा