नकाशा झाला, पुढे काय?

महोदय,

भूगोल विभागांच्या वार्षिक अहवालांत शोधनिबंध आणि सामंजस्य करार यांची मोजदाद चोख असते. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या 17 शाश्वत विकास उद्दिष्टांची रंगीत चौकटही असते. केलेला नकाशा कुणी वापरला का, हा रकाना मात्र सापडत नाही.

सेंटिनेल-2 उपग्रहाच्या प्रतिमा मोफत मिळतात. त्यातला सर्वांत बारीक ठिपका 10 मीटरचा, म्हणजे 100 चौरस मीटर जमिनीचा. त्यावरून संगणक जमीनवापराचा नकाशा झटपट काढतो आणि गफलत तिथेच होते. पेरणीआधीचे नांगरलेले शेत आणि उघडे माळरान त्याला सारखेच दिसते, मग कसती जमीन 'पडीक' ठरते. दोन हंगामांच्या प्रतिमा जोडाव्यात, शेत, माळरान अशा जमिनीच्या प्रत्येक वर्गाची निदान 50 ठिकाणे प्रत्यक्ष जाऊन पाहावीत. संगणकाला शिकवायला वापरलेली ठिकाणे तपासणीला पुन्हा घेऊ नयेत. घेतली की कागदावरची अचूकता फुगते.

ग्रामस्थांसोबत घेतलेल्या विहिरींतल्या पाणीपातळीच्या नोंदींची रड वेगळी. मोजफीत कोणत्या खुणेपासून सोडली, पंप कधी बंद केला, हे लिहिलेले नसते. पुढच्या तुकडीतला विद्यार्थी कठड्याऐवजी जमिनीपासून मोजतो आणि पाणी अर्धा मीटर 'चढते'! कठड्यावर रंगाची एक खूण आणि पंप बंद ठेवण्याची ठरलेली वेळ, एवढे गावाशी होणाऱ्या करारातच लिहावे. नोंदवहीची एक प्रत गावात राहावी.

— एक वाचक