कुर्डुवाडीच्या काकांना, टाकू न दिलेल्या पत्र्यांबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव लिहीत नाही. "माझं नाव कशाला छापतोस, मी काय पुढारी आहे का?" असं तुम्ही म्हणालच. पण आभार मानायचे राहिलेत आणि फोनवर तुम्ही मानू देत नाही. "काय ते, चार पत्रे उचलून ठिवले," एवढं म्हणून विषय पंढरपूरच्या पावसावर नेता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

तुम्ही मुलाकडे मेलबर्नला सहा महिन्यांसाठी आला होतात. पहिल्या दोन आठवड्यांतच घराभोवतीचे सगळे रस्ते पालथे घालून झाले होते. गणपतीत ओळख झाली. रेल्वे वर्कशॉपमध्ये जन्म घालवलेला फिटर, तोही कुर्डुवाडीच्या, हे कळल्यावर मी, दर शनिवारी एका जुन्या वाफेच्या इंजिनाच्या दुरुस्तीला हातभार लावणारा, विचारलं, "शनिवारी इंजिन बघायला येता?" तुम्ही विचारलंत, "गेज किती?" मी म्हणालो, दोन रुळांमध्ये अडीच फूट. त्यावर तुमचा चेहरा कसा झाला ते अजून आठवतं.

कारण कुर्डुवाडीहून निघणारी बार्शी लाइट रेल्वेसुद्धा अडीच फुटीच. कॅलथ्रॉपसाहेबाने १८९७ मध्ये बार्शीपर्यंत नेलेली, पुढे १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला पोचलेली. इकडे व्हिक्टोरियात त्याच सुमारास डोंगराळ भागासाठी जे स्वस्तातले फाटे टाकले तेही ७६२ मिलिमीटरचेच. डँडेनाँगच्या डोंगरातली पफिंग बिली, ही वाफेवरची जुनी रेल्वे, त्यांतलीच. शेडमध्ये शिरताच तुम्ही रुळांमध्ये आडवं पाऊल टाकून अंतर मोजलंत आणि मान डोलावलीत. टेप कुणीतरी पुढे केला होता, त्याच्याकडे बघितलंही नाहीत.

इंजिन मात्र तुमच्या ओळखीचं नव्हतं. क्लायमॅक्स बनावटीचं, कारखाना क्रमांक १६९४, बांधणी १९२८, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं कॉरी गाव. व्हिक्टोरियाच्या वनखात्याने ते टायर्स खोऱ्यातल्या ट्रामवेसाठी, म्हणजे जंगलातल्या छोट्या रेल्वेसाठी, मागवलं. जंगलातल्या लाकूड कापायच्या गिरण्यांचं लाकूड डोंगरातून खाली आणून मोई-वॉलहाला या लहान लाइनवर सोडायचं, हे त्याचं काम. १९४९ मध्ये ट्रामवे बंद झाला आणि इंजिन एरिका गावात उघड्यावर राहिलं. पुढे पफिंग बिलीच्या मंडळींनी ते संग्रहालयासाठी आणलं आणि १९८८ मध्ये त्यात पुन्हा वाफ भरली. तुम्ही आलात तेव्हा ते दुरुस्तीसाठी दुसऱ्यांदा सुटं केलेलं होतं.

तुम्ही त्याच्याभोवती एक फेरी मारलीत आणि विचारलंत, "कनेक्टिंग रॉड चाकाला कुठाय?" नव्हताच. बॉयलरच्या दोन्ही अंगांना तिरके सिलिंडर, ते फिरवतात एक आडवा दांडा. तिथून बेव्हल गिअरने पोटाखालच्या मधल्या लांब शाफ्टला गती, आणि तो शाफ्ट पुढच्या-मागच्या दोन्ही बोगींच्या, म्हणजे खालच्या चाकांच्या गाड्यांच्या, आसांना गिअरनेच फिरवतो. आठच्या आठ चाकं ओढणारी. ओबडधोबड, वाकड्यातिकड्या रुळांवर साधं इंजिन घसरलं असतं, हे बोगी वळवत चढायचं. तुम्ही वाकून बराच वेळ तो शाफ्ट बघत राहिलात. मग म्हणालात, "हे तर डोंगरातलं ट्रॅक्टर आहे की." इथल्या पुस्तकांतून मला इतकं नेमकं कळलं नव्हतं.

आता मुद्द्याचं.

माझ्याकडे काम सोपं होतं. सुटे भाग घासायचे, ग्रीस काढायचं, चिठ्ठी बांधायची. मी दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारा माणूस, मला स्वच्छ वस्तू आवडतात. बेअरिंगच्या टोप्यांखालून निघालेले पितळेचे पातळ तुकडे काळे, चिकट, वाकलेले होते. मला वाटलं, पत्रा नवीन कापता येईल. सगळे भंगाराच्या पिंपात टाकले आणि चहाला गेलो.

परत आलो तर तुम्ही पिवळं जाकीट घालून, चष्मा कपाळावर चढवून, पिंपात कोपरापर्यंत हात घातलेला. "हे कुणी टाकलं रं?" मी म्हटलं, मीच, शिमच तर आहेत, फट भरायचे पत्रे. तुम्ही ओरडला नाहीत. एक तुकडा चिंधीने पुसलात, माझा अंगठा धरलात आणि त्याच्या कडेवरून नख फिरवलंत. एक खाच. दुसऱ्यावर दोन. तिसऱ्यावर तीन. "गंजाने खाच पडत नाही. कानशीनं पडती. कुणीतरी फिटरनं कुठला पत्रा कुठं बसतो ते लिहून ठिवलंय. आम्ही पण असंच लिहायचो."

तोपर्यंत मला ते इंजिन म्हणजे लोखंड वाटत होतं. खरं सांगतो, तो कोण माणूस असेल याचा विचार मनात आलाच नव्हता. टायर्सच्या जंगलात, गिरणीच्या आवाजात, हातात कानस घेऊन बसलेला कुणीतरी. त्याच्या हातचं लिहिलेलं मी पिंपात टाकलं होतं आणि ते वाचता येणारा माणूस सोलापूर जिल्ह्यातून आला होता.

त्यानंतरचे शनिवार बेअरिंगचे. शाफ्टला निळा रंग बोटाने इतका पातळ लावायचा की लावलाय की नाही कळू नये. टोपी बसवायची, एकदा फिरवायची, काढायची. जिथे निळं उमटलं, म्हणजे जिथे घासतंय, तिथेच स्क्रेपरने खरवडायचं. पुन्हा लावायचं. मी विचारलं, किती वेळा? तुम्ही म्हणालात, "ते बेअरिंग सांगल." दुपारपर्यंत माझा संयम संपायचा, तुमचा जेवणानंतर सुरू व्हायचा. शेडमधले दोघे-तिघे गोरे आजोबा येऊन मागे उभे राहायचे. इंग्रजी तुमचं वर्कशॉपपुरतं, त्यांचं मराठी शून्य. पण खरवडण्याच्या आवाजावरून ते माना हलवायचे, आणि मी दुभाषा म्हणून उभा असलो तरी मला काहीच काम नसायचं. तुमच्या शेंगाच्या चटणीने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मात्र मलाच खुलासा करावा लागला.

एकदा तुम्ही विचारलंत की एवढं चांगलं इंजिन सोडून ट्रामवे बंद का केला. १३ जानेवारी १९३९ च्या वणव्याबद्दल मी सांगितलं. त्या उन्हाळ्याच्या आगींत व्हिक्टोरियात ७१ माणसं गेली, जंगलातल्या कितीतरी गिरण्या जळाल्या. नंतर गिरण्या गावांत हलल्या आणि लाकूड ट्रकने येऊ लागलं. तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग म्हणालात, "आमची लाइन तर आगीबिगीशिवाय गेली." लातूरच्या ब्रॉडगेजबद्दल तुम्हाला तक्रार नव्हती, गाडी जलद झाली ते बरंच झालं म्हणालात. पण कुठल्याशा चौकात चौथऱ्यावर ठेवलेल्या इंजिनाच्या रॉडलासुद्धा लाल ऑइलपेंट फासलेला पाहिला, त्याची चीड होती. "रॉडला रंग लावतात का कधी? नवरीला मिशा काढल्यागत." मी तेव्हा हसलो. आता असा फोटो दिसला की मलाही राग येतो, हा आजार तुमच्याकडून लागला.

तुमचा व्हिसा संपला आणि इंजिन अजून तुकड्यांतच होतं. विमानतळावर तुम्ही नातवाला जेवढं समजावलंत तेवढंच मलाही: खाचा जुळवून बसव, घाई करू नको.

जुळवून बसवले, काका. सगळे तेच पत्रे पुरले असं नाही, दोन फार झिजले होते, त्यांच्या जागी नवे कापले. नव्यांवरही मी खाचा घातल्या. पहिल्या वाफेच्या दिवशी तुम्ही नव्हतात, म्हणून मी चित्रफीत पाठवली. इंजिन माणसाच्या चालीने सरकत होतं आणि सिलिंडर मात्र मेल सुटल्यासारखे धडधडत होते. तुमचा फोन आला तो रात्री उशिरा: "आवाज एक्सप्रेसचा अन् चाल बैलगाडीची!" मग लगेच, "बेअरिंगला हात लावून बघितलास का? गरम?" कोमट होतं. "मग ठीक."

त्या दिवशी मी आभार म्हणायला तोंड उघडलं आणि तुम्ही पाऊस काढलात.

तुम्ही पिंपातून काढलेले पत्रे ज्या बिस्किटांच्या डब्यात ठेवलेत, त्याच्या झाकणावर तुम्ही खडूने "टाकू नये" लिहिलं होतं. खडू पुसट झाला म्हणून मी त्यावरूनच रंगाने गिरवलं. आता त्यात वापरून झालेले, झिजलेले, खाच असलेले सगळे तुकडे जातात. नवीन आलेला एक पोरगा ते अक्षर बघून मला विचारत होता, ही कुठल्या कंपनीची खूण आहे?

आणि तुमचा स्क्रेपर इथेच राहिलाय, जुन्या तीनधारी कानशीचा, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेला. पुढच्या महिन्यात ओळखीचे एक जण पुण्याला येतायत. त्यांच्याबरोबर पाठवू, की राहू दे?

तुमचा,
शनिवारचा हेल्पर