पालमपूरला, मनूस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर तू कुज्याची, तिथल्या त्या रानगुलाबाची, फुलं दाखवत होतीस आणि माझं लक्ष तुझ्या मनगटावरच्या लाल गाठीकडे. "काटा लागला होता गं, महिना झाला," म्हणालीस आणि पुन्हा फुलांकडे वळलीस. त्या गाठीबद्दल आज लिहायचं नाही, असं ठरवून बसले आहे.

वेल मात्र काय फुललाय! पाच पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळे केसर, घोसच्या घोस. घरमालकांचं तुतीचं झाड त्यानं पार झाकलंय. हा रानगुलाब तीस फूट सहज चढतो, तो या वाकड्या काट्यांच्याच जोरावर. रुतला तर हात ओढू नकोस, आणखी आत जातो. काट्याच्या वळणानं हळूच सोडव.

छाटणीचं विचारलंस. नाना ऑक्टोबरात छाटायचे, ते तिथं चालायचं नाही. कुजा वर्षातून एकदाच फुलतो, तोही गेल्या वर्षीच्या फांद्यांवर. थंडीत कात्री लावलीस तर पुढच्या मे महिन्यात नुसती पानं बघशील. फुलं सरताहेत तोवरच जुन्या जाड फांद्या बुडातून काढ. नवे लांब फोक ठेव आणि आडवे बांध. उभी फांदी शेंड्याला फुलते, आडवी डोळ्याडोळ्याला. थोडे घोस पाखरांसाठी राहू देत, त्यांना लाल फळं धरतात.

आणि मनू, गाठ दुखत नाही म्हणून सोडून देऊ नकोस. स्पोरोट्रायकोसिस नावाचा बुरशीचा आजार काट्यातून, मातीतून कातडीखाली शिरतो. तुमच्या कांगडा जिल्ह्यात तो नवा नाही. आधी एक गाठ, मग हातावर वर वर ओळीनं आणखी. साध्या अँटिबायोटिकनं जात नाही. बुरशीवरचं औषध काही महिने घेतलं की बरा होतो. टांड्याच्या मेडिकल कॉलेजात त्वचाविभाग आहे.

लागले बघ उपदेशाला. रागावू नकोस, इतकी वर्षं वॉर्डात काढलेली बाई मी.

नाना गुलाबाचं कलम करायला डोळा भरायचे तेव्हा तू केळीचं सोपट घेऊन शेजारी बसायचीस. खुंटाला फुटलेला रानटी फोक ते खुडून टाकायचे, तू तो उचलून मातीत खोचायचीस. त्यातला एक जगला, विहिरीच्या कठड्यावर चढला. नानांनी तो कधी काढला नाही; येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "हा आमच्या मनूचा." काल सुमनताईंना तुझे फोटो दाखवताना माझा सूर अगदी तसाच लागला.

तुझे बाबा म्हणतात, पोरीला सारखं विचारू नकोस. मी विचारत नाहीये. फक्त सोमवारी जाऊन ये, आणि गुलाबाचा काटा लागला होता हे डॉक्टरांना आपणहून सांग. एकटी जाऊ नकोस, ऑफिसातल्या कुणाला तरी ने.

तुझी,
आई

ता. क. कोपरापर्यंतचे चामड्याचे हातमोजे कुरिअरनं पाठवलेत. मापाला सैल होतील, तरी घाल. गाठ वाढली असेल तर आजच कळव.