खांदा बसवला, पण नाडी पाहिली का?

महोदय,
माझी आई 74 वर्षांची. अंगणात घसरली नि उजवा खांदा निखळला. शेजाऱ्यांनी हाडवैद्याकडे नेलं. त्याने ओढून सांधा बसवला. तासाभरात काखेत लिंबाएवढी सूज, हात गार, बोटं बधिर. काखेतली मुख्य धमनी फाटली होती! उतारवयात धमन्या कडक होतात, म्हणून ही दुर्मीळ इजा म्हाताऱ्यांत जास्त दिसते. मनगटाची नाडी मात्र मंद लागत होती. आजूबाजूच्या लहान वाहिन्यांतून रक्त येत राहतं, तिथेच फसगत होते. सांधा बसवण्याआधी आणि नंतर दोन्ही हातांची नाडी ताडून पाहा, ही कळकळीची विनंती. शस्त्रक्रिया वेळेत झाली. आई पुन्हा भाकरी थापते; करंगळी अजून बधिर आहे.

– एक वाचक, सातारा