सोसायटीतल्या पडून असलेल्या सायकली भंगारात घालू नका

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यात आणि नवी मुंबईत ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं अशी सलग शर्यत, करायचीय म्हणणारी तरुण मंडळी आता बरीच दिसतात, आणि त्यातल्याच अनेकांना रविवारी येऊरचा चढ चढायचा असतो नाहीतर खारघरच्या बाजूला कच्च्या रस्त्यावर पण सायकल घालायची असते. दुकानात गेलं की ऐकायला मिळतं, डांबरी रस्त्याला बारीक टायरची रोड बाईक वेगळी घ्या, कच्च्या रस्त्याला जाड टायरची एमटीबी वेगळी घ्या. दोन्ही धड घ्यायच्या म्हटल्या की आकडा असा होतो की नोकरीला नुकताच लागलेला मुलगा गप्प घरी येतो आणि विषय सोडून देतो. मला कळकळीने सांगायचंय की सुरुवातीला एकच सायकल पुरते, सेकंड हँड पुरते, आणि ती बहुतेक आपल्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी आहे.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये लोकांनी धडाधड सायकली घेतल्या होत्या, आठवत असेल. त्यातल्या कितीतरी चार महिने चालल्या आणि मग खांबाला साखळी घालून ज्या उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही मोठ्या कॉम्प्लेक्सच्या पोडियमवर एक चक्कर मारून बघा, हवा गेलेले टायर, तांबूस झालेली चेन, पण फ्रेम अगदी ठणठणीत. मग सणासुदीला साफसफाई निघते, कमिटी नोटीस लावते आणि सगळा लॉट किलोच्या भावाने भंगारात. जीव तुटतो हो बघून.

आता कुठली घ्यायची. स्प्रिंट ट्रायथलॉनमध्ये ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणं असतं, ऑलिम्पिक अंतरात सायकल ४० किलोमीटर. एवढ्यासाठी महागडी, वारा कापायला बनवलेली एरो सायकल लागत नाही, पाय लागतात. पहिल्या रेसला हायब्रिड, म्हणजे रोड बाईक आणि एमटीबी यांच्या मधली सायकल, चालते, बऱ्याच हौशी रेसमध्ये एमटीबीसुद्धा चालते, फक्त नियम आधी वाचा. माझं मत विचाराल तर पुढे सस्पेन्शन नसलेली, डिस्क ब्रेकवाली हायब्रिड शोधा. स्वस्तातलं सस्पेन्शन नुसतं वजन असतं, दोन-अडीच किलोचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) येऊरच्या चढावर तुम्हीच ओढणार आणि तो खड्ड्यात फार काही झेलतही नाही. आणि डिस्क ब्रेक एवढ्यासाठी की रिम ब्रेक (चाकाच्या कडेलाच दाबणारा) असला तर जाड टायर बसायला बऱ्याचदा जागा कमी पडते आणि पावसात चिखल तिथेच अडकतो.

सगळ्यात महत्त्वाचं टायरच्या कडेला लिहिलेलं असतं. ४०-६२२ असं काहीतरी छापलेलं दिसेल, त्यात पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. हायब्रिड आणि रोड बाईकचं ७००सी चाक आणि एमटीबीचं २९ इंची चाक, दोन्हीला ६२२ च असतं, दुकानदार हे सहसा सांगत नाहीत. म्हणजे त्याच चाकावर रेसच्या आठवड्यात ३२ चा गुळगुळीत टायर आणि एरवी ४० चा नक्षीवाला, टायरच्या दोन जोड्या ठेवल्या की एका सायकलच्या दोन सायकली झाल्या. रिम फार रुंद असेल तर बारीक टायर नीट बसत नाही, तेवढं मेकॅनिकला दाखवून घ्या, आणि जाड टायर घातल्यावर फ्रेमच्या मधे थोडी मोकळी जागा राहतेय ना ते बघा. जुन्या २६ इंची एमटीबीला ५५९ असतं, त्याचे चांगले बारीक टायर शोधावे लागतात, तरी फुकटात मिळत असेल तर पहिल्या रेसला तीसुद्धा वाईट नाही.

बघायला जाताना शाळेतली फूटपट्टी घेऊन जा. चेनच्या एका पिनच्या बरोबर मधोमध शून्य धरा, १२ इंचावर दुसऱ्या पिनचा मध्य आला पाहिजे. दीडेक मिलिमीटर पुढे सरकला असेल तर चेन बदलायची, तीन मिलिमीटर सरकला असेल तर मागचे दातेपण गेलेत असं धरून किंमत पाडा. मग क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, धरून आडवा हलवा, खडखड नको. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला, हँडलच्या मुळाशी प्ले, म्हणजे ढिलेपणा, नको. चाक फिरवा, डगमगत म्हणजे आऊट असेल तर काही घाबरायचं नाही, स्पोक ओढून सरळ होतं. पण वेल्डिंगच्या जवळ केसासारखी रेघ दिसली तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. सीटची दांडी वरखाली होते का तेही बघा, आपल्याकडच्या दमट हवेत ती आतच धरून बसते आणि मग हातोड्यानेही निघत नाही. आणि साईज! उंचीला न बसणारी सायकल कितीही स्वस्त असली तरी गुडघे आणि पाठ दुखवणारच.

हेल्मेट मात्र नवीनच घ्या, जुनं कधी आपटलंय ते बाहेरून दिसत नाही. रेसमध्ये हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकल स्टँडवरून काढता येत नाही, आणि हँडलच्या टोकाची बुचं नसतील तर चेकिंगलाच अडवतात, दहा-वीस रुपयांची गोष्ट आहे, आधीच लावून घ्या.

येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तेव्हा डांबरी रस्ता सोडून जंगलात परवानगीशिवाय सायकल घालू नका, बिबट्यांचं घर आहे ते.

सोसायट्यांच्या सेक्रेटरींना हात जोडून विनंती, भंगारवाल्याला बोलवायच्या आधी ग्रुपवर प्रत्येक सायकलचा फोटो आणि साईज टाका, मालकाला विचारा, महिनाभर वाट बघा. आणि घेणाऱ्यांनी साध्या कागदावर का होईना पण मालकाची सही, तारीख आणि पॅडलच्या खाली फ्रेमवर कोरलेला नंबर लिहून घ्यावा. सायकलला आरटीओचं पासिंग नसतं, आणि चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, त्यामुळे बिल नसेल तर ही चिठ्ठी तरी हवीच.

आपला,
एक सायकलवेडा वाचक, कोलशेत, ठाणे